‘यशस्वी’ म्हणजे कितव्या दिवशी?

माझ्या मामेबहिणीकडे एक शंभर पानी वही आहे. मागच्या पुठ्ठ्यावर पाढे छापलेली, शाळा सुरू व्हायच्या दिवसांत इंदूरच्या राजवाड्याजवळ गठ्ठ्याने मिळते तसली. आत डावीकडे तारीख, तिच्याशेजारी दिवस आणि मग रकाने: डब्ल्यूबीसी (पांढऱ्या पेशी), एएनसी (त्यांतल्या जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशींची संख्या), प्लेटलेट, ताप, जुलाब, खाल्लं काय. दिवसांची मोजणी उणे सहापासून सुरू होते, कारण बोन मॅरो ट्रान्सप्लांटमध्ये, म्हणजे अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणात, ती तशीच करतात. आधी केमोचे उणे दिवस, मग शून्य, मग अधिक एक, अधिक दोन. शून्याच्या ओळीत रकाने कोरे आहेत. तिथे एवढंच लिहिलंय: ‘११.४० ला पिशवी लावली. रक्तासारखीच दिसते. तासाभरात संपली.’

त्या पिशवीत तिच्या मुलीच्या स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, होत्या आणि त्या जात होत्या तिच्या मुलाच्या अंगात. मुलगा १९ वर्षांचा. एएमएल, म्हणजे रक्ताचा एक आडदांड कर्करोग. सख्ख्या भावंडाचं एचएलए, म्हणजे ऊतींचा गट, पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते, ती नेमकी जुळली होती. घरात त्याचाच केवढा आनंद!

१८व्या दिवशी एएनसी ५००च्या वर गेला आणि वरच राहिला. २५व्या दिवशी सुट्टी मिळाली. डॉक्टर, नर्स आणि मधोमध मास्क लावलेला मुलगा असा फोटो निघाला, आणि दोन दिवसांनी पेपरात बातमी आली: इंदूरच्या तरुणावर यशस्वी बोन मॅरो प्रत्यारोपण. लोकमान्य नगरापासून सुदामा नगरापर्यंत आमच्या सगळ्या गोतावळ्यात ती फिरली. ज्यांनी पैसे काढून दिले होते त्यांना वाटलं, सत्कारणी लागले. ३१व्या दिवशी मंडळी इंदूरला परतली. एप्रिल महिना, घरी माणसांची रीघ. यशस्वी झालंय म्हटल्यावर कोण थांबणार? ३८व्या दिवशी त्याचे तळहात आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आम्ही म्हटलं, घामोळं. कॅलामाइन लावलं. असे चार दिवस गेले.

ते घामोळं नव्हतं. जीव्हीएचडी म्हणतात त्याला. दात्याच्या पेशी रुजतात, जोम धरतात आणि ज्या शरीरात आल्या त्यालाच परकं समजून त्वचा, यकृत, आतडी यांवर तुटून पडतात. तो आवरायला स्टिरॉइड द्यावी लागली, स्टिरॉइडने उरलीसुरली प्रतिकारशक्ती दाबली गेली आणि फुप्फुसात बुरशी शिरली. ७१व्या दिवशी तो गेला.

रुग्णालय खासगी होतं, दुसऱ्या शहरातलं. उपचारात हलगर्जी झाली असं मी म्हणत नाही, माझी तशी समजूतही नाही. चार दिवस आधी नेलं असतं तर तो वाचला असता, असंही कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. मला पडलेला प्रश्न हिशेबाचा आहे. त्या रुग्णालयाच्या खातेवहीत हा मुलगा कुठल्या बाजूला लिहिला गेला? पेपरातली बातमी तर कुणी मागे घेतली नाही. दाखल होताना हातात दिलेल्या रंगीत पत्रकावर यशाची टक्केवारी नव्वदच्या पुढे होती. मामेबहिणीने नंतर फोन करून विचारलं की नव्वद कशातले, आणि कितव्या दिवशी मोजलेले? उत्तर आलं, ‘मॅडम, तो आमचा इंटर्नल डेटा आहे.’

मी बँकेत छत्तीस वर्षं काढली. कर्ज दिलं त्या दिवशी ते ‘यशस्वी’ म्हणून कुणी लिहिलं असतं, तर इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबाने त्याला उभं केलं असतं. कर्ज फिटलं की नाही ते हप्ते संपल्यावर कळतं. ट्रान्सप्लांटचंही तेच आहे. एएनसी सलग तीन दिवस ५००च्या वर राहिला की पेशी रुजल्या असं धरतात. ती पहिली पायरी, आणि बातम्यांमधलं ‘यशस्वी’ बहुतेक तिथलंच असतं. त्यापुढे शंभरावा दिवस, कारण तीव्र जीव्हीएचडी आणि संसर्ग यांचा पहिला तडाखा त्या आत बसतो. मग एक वर्ष. मग कर्करोग उलटण्याची भीती, ती पहिल्या दोन वर्षांत सर्वांत जास्त. एखाद्या केंद्राने यातली पहिली पायरी दाखवून नव्वद म्हटलं, तर ते खोटं बोलत नाही. फक्त ऐकणारा वेगळंच ऐकतो.

दुसरी गफलत याहून बारीक आहे आणि ती कळायला मला वर्ष लागलं. ट्रान्सप्लांट दोन प्रकारचे. युनिटात त्यांना नुसतं ‘ऑटो’ आणि ‘अ‍ॅलो’ म्हणतात. ऑटोमध्ये रुग्णाच्याच स्टेम सेल आधी काढून गोठवतात, मग जबर केमो देतात आणि त्याच परत सोडतात. मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेतल्या कर्करोगासाठी हा नेहमीचा उपचार. पेशी स्वतःच्याच, त्यामुळे जीव्हीएचडीचा प्रश्न येत नाही आणि प्रक्रियेतच दगावण्याचं प्रमाण चांगल्या केंद्रांत शेकड्यात एकदोन इतकं कमी असतं. पण मायलोमा बहुतेकांत पुढे कधीतरी परततो. अ‍ॅलोमध्ये पेशी दुसऱ्याच्या. जोखीम कितीतरी पट अधिक, पण ल्युकेमिया, म्हणजे एएमएलसारखा रक्ताचा कर्करोग, मुळासकट उपटण्याची ताकदही त्यातच, कारण दात्याच्या पेशी उरलेला कर्करोग हुडकून मारतात. आता वर्षाला तीस ऑटो आणि दहा अ‍ॅलो करणाऱ्या केंद्राने चाळीसची एकच टक्केवारी काढली, तर एएमएलच्या पोराची आई मायलोमाच्या आजोबांचा आकडा वाचून सही करते.

ई. डॉनल थॉमस हे नाव मी या वहीच्या निमित्ताने वाचलं. टेक्सासमधल्या एका लहान गावातल्या डॉक्टरचा मुलगा, जन्म १९२०. बोन मॅरो प्रत्यारोपण ज्याने माणसांत करून दाखवलं आणि त्यासाठी १९९०चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ज्याला मूत्रपिंडवाल्या जोसेफ मरे यांच्यासोबत मिळालं, तो हा माणूस. त्याची कथा बहुधा जिद्दीची कथा म्हणून सांगितली जाते. मला ती एका प्रामाणिक हिशेबनिसाची वाटते.

१९५७ साली न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन या आडबाजूच्या गावातून त्याने सहा रुग्णांचा अहवाल छापला. किरणोपचार आणि केमो देऊन त्यांना शिरेतून दुसऱ्याची अस्थिमज्जा दिली होती. सहाच्या सहा जण शंभर दिवसांच्या आत गेले. दोघांत पेशी काही काळ रुजल्या होत्या. आजच्या चालीने त्या दोघांच्या ‘यशस्वी’ बातम्या आल्या असत्या! थॉमसने काय लिहिलं, तर सहा केले, सहा गेले. आणि तो पुढची कित्येक वर्षं मुख्यतः कुत्र्यांकडे वळला. एकाच विणीच्या पिल्लांत कुणाची मज्जा कुणाला चालते, ऊतींचा गट कसा जुळवायचा, मेथोट्रेक्सेट हे औषध दिलं तर जीव्हीएचडी कितपत आवरतो, हे त्याच्या चमूने तिथे शिकून घेतलं. १९६३ला तो सिएटलला गेला. या सगळ्यात त्याची बायको डॉटी बरोबर होती. मूळची पत्रकारितेची विद्यार्थिनी, त्याच्यासाठी लॅब टेक्निशियनचं काम शिकली, आणि पुढे टिपणं, कागदपत्रं, शोधनिबंधांचं संपादन सगळं तिच्याकडे. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची आई म्हणतात तिला. नोबेलच्या फोटोत ती कडेला असते, ते जाऊ द्या.

साठचं दशक या विषयासाठी फार वाईट गेलं. मॉर्टिमर बॉर्टिन नावाच्या अमेरिकी डॉक्टरने १९७०मध्ये जगभर छापून आलेल्या मानवी प्रत्यारोपणांची जंत्री केली. भरली २०३. त्यातल्या बहुतेकांना काडीचा उपयोग झालेला नव्हता. अनेक नामांकित लोकांनी हा नाद सोडला. बॉर्टिनने ती जंत्री करून हात झटकले नाहीत. १९७२मध्ये मिलवॉकीला त्याने आंतरराष्ट्रीय नोंदवही सुरू केली: जगात कुठेही प्रत्यारोपण होवो, त्याचं पुढे काय झालं ते इथे कळवा. आजही जगातली मोठी नोंदवही तीच, फक्त नाव आणि आकार बदलला.

मग १९७७. थॉमसच्या चमूने १०० रुग्णांचा अहवाल छापला. सगळे तीव्र ल्युकेमियाचे, सगळ्यांवर केमो थकलेली, सगळ्यांना घरचे भाऊबहीण दाते. शंभरातले तेरा जिवंत, एक ते साडेचार वर्षं. तेरा! आपल्याकडच्या एखाद्या जनसंपर्क अधिकाऱ्याने हा आकडा कपाटात घातला असता. पण तो पूर्ण मांडला म्हणूनच दोन गोष्टी दिसल्या. एक, काही काळानंतर किती जण जिवंत आहेत याच्या आलेखाची रेषा खाली जायची थांबली होती आणि सपाट झाली होती. म्हणजे हे तेरा जण नुसते तगलेले नव्हते, बरे झालेले असावेत. दुसरी, गेलेल्या सत्त्याऐंशींकडे नीट पाहिल्यावर कळलं की आपण फार उशिरा हात घालतोय. रोग शिगेला पोचल्यावर ट्रान्सप्लांट करण्याऐवजी पहिल्या केमोने तो दबलेला असतानाच का करू नये? १९७९मध्ये तसं केल्याचा अहवाल आला आणि त्यात निम्म्याहून जास्त रुग्ण हयात होते. माझा भाचा शेवटच्या अवस्थेत न जाता पहिल्या रेमिशनमध्येच ट्रान्सप्लांटला गेला, तो या सत्त्याऐंशींच्या हिशेबामुळे.

सिएटलमध्ये थॉमसच्या हाताखाली शिकून आलेले डॉ. सुरेश अडवाणी यांनी २० मार्च १९८३ला मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये भारतातलं पहिलं बोन मॅरो प्रत्यारोपण केलं. नऊ वर्षांची मुलगी, दाता तिचा भाऊ. लहानपणी पोलिओ झालेला हा माणूस व्हीलचेअरवरून वॉर्डात फिरायचा. तीन वर्षांनी वेल्लोरला सुरू झालं. आज देशात शंभरावर केंद्रं आहेत. आमच्या इंदूरच्या एमवाय या सरकारी रुग्णालयात २०१८ला युनिट उघडलं तेव्हा मला खरोखर अभिमान वाटला होता. झाबुआ, आलीराजपूर, खरगोनच्या थॅलेसेमियाच्या आणि सिकल सेलच्या पोरांना मुंबई-वेल्लोरची वाट न धरता इथेच काही मिळेल, ही साधी गोष्ट नाही. सिकल सेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन १ जुलै २०२३ला आपल्याच मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झालं. म्हणजे मागणी वाढतच जाणार, केंद्रंही वाढणार. वाढायलाच हवीत.

तंत्र सिएटलहून आलं, औषधांचे डोस आले, हवा गाळणाऱ्या खोल्यांचे नकाशे आले. हिशेब मात्र अर्ध्या वाटेत राहिला. अमेरिकेने २००५मध्ये कायदाच केला. तिथल्या प्रत्येक केंद्राने अ‍ॅलो ट्रान्सप्लांटचा निकाल नोंदवहीला कळवायचा, आणि एका वर्षानंतर किती रुग्ण हयात आहेत याचा केंद्रवार अहवाल लोकांसमोर ठेवायचा. घरबसल्या कुणीही पाहावा. आपल्याकडे इंडियन सोसायटी फॉर ब्लड अँड मॅरो ट्रान्सप्लांटेशनची नोंदवही आहे, त्यातून देशपातळीवरचे चांगले अभ्यासही निघतात, पण कळवणं ऐच्छिक. आणि अमुक रुग्णालयात अमुक आजाराचे किती केले, वर्षाने किती उरले, हे इंदूरच्या माणसाला वाचायला मिळेल अशी सोय त्यात नाही. भोपाळला गॅसकांडानंतर कर्करोगाची नोंदणी सुरू झाली, ती मोलाची आहे. त्यातून शहरात कर्करोग किती हे कळतं. कोणत्या दारात शिरलं तर काय होतं, हे कळत नाही.

माझ्या ओळखीत एक तरुण रक्तविकारतज्ज्ञ आहेत, इथेच शिकलेले. त्यांच्यासमोर हे बोललो तर ते भडकले. ‘काका, तुम्ही हे छापायला लावाल ना, तर उद्यापासून रिलॅप्सवाला, म्हणजे आजार उलटलेला, पेशंट मी घेणारच नाही. कोण घेईल? सोपे सोपे घ्यायचे, आकडा छान ठेवायचा.’ या आक्षेपाला वजन आहे. सरकारी युनिटला तर याचा फटका सर्वांत आधी बसेल, कारण उशिरा आलेला, कुपोषित, दोनदा केमो अर्धवट सोडलेला रुग्ण शेवटी तिथेच येतो. थॉमसने निवडून सोपे घेतले असते तर १९७७चा अहवाल झालाच नसता.

म्हणून नुसती टक्केवारी छापा असं मी म्हणत नाही. रुग्णाचं वय, आजार, तो कोणत्या टप्प्यावर होता, दाता पूर्ण जुळणारा की आईबापासारखा अर्धा जुळणारा, हे धरून ‘अशा रुग्णांत साधारण किती जगावेत’ याचा अंदाज काढता येतो आणि प्रत्यक्ष निकाल त्याच्याशी ताडता येतो. अमेरिकेतला अहवाल तसाच असतो. अवघड रुग्ण घेणाऱ्याला त्यात शिक्षा होत नाही. शिवाय लहान युनिटांना टक्केवारी लावूच नये. वर्षाला बारा अ‍ॅलो केले तर एका मृत्यूने आठ टक्के इकडचे तिकडे होतात. तीन वर्षांचे सरळ आकडे द्यावेत: इतके केले, त्यात इतके ऑटो, इतके अ‍ॅलो, शंभराव्या दिवशी इतके, वर्षाने इतके, आणि इतक्यांचा पत्ता लागला नाही. हा शेवटचा रकाना मला फार महत्त्वाचा वाटतो. पत्ता न लागलेले आपल्याकडे जिवंतांत धरायची खोड आहे.

बरं, सांगणार कोण आणि कुणाच्या धाकाने? धाक पैशाचा असतो, आणि पैसा बराचसा सरकारी आहे. आयुष्मानचे कुटुंबाला वर्षाला ५ लाख, थॅलेसेमियाच्या मुलांसाठी कोल इंडियाची २०१७पासूनची योजना, तिचे प्रत्यारोपणाला १० लाखांपर्यंत, वर पंतप्रधान-मुख्यमंत्र्यांचे निधी. बिल पास करताना जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, फोटो, अंगठा सगळं मागतात. त्यातच एक अट घालावी की मागच्या तीन वर्षांचा निकाल नोंदवहीला दिला आणि दारावर लावला असेल तरच पुढचा हप्ता. याला नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरतं. परिपत्रकं काढण्यात आपलं सरकार कधी मागे नव्हतं.

आणि निदान इंदूरने तरी आकड्यांना भ्यायचं कारण नाही. २०१७पासून सलग आठ वेळा स्वच्छतेत पहिला नंबर आम्ही आकड्यांवरच घेतलाय. ओला किती, सुका किती, कोणत्या वॉर्डातून किती, सगळं मोजून. सकाळी कचऱ्याची गाडी दारात आली की डायपर वेगळ्या डब्यात टाकायला माझी बायको मला हाक मारते. भाजीच्या देठांचा हिशेब ठेवणारं शहर आहे हे.

राहता राहिला आशेचा मुद्दा. खरा आकडा सांगितला तर घरचे लोक खचतील, उपचारच नाकारतील, असं डॉक्टरही म्हणतात आणि आमच्यातली वडीलधारी मंडळीही. मी मामेबहिणीला हे थेट विचारलं होतं, वर्षश्राद्ध झाल्यावर. ती म्हणाली, ‘शंभरात चाळीस जगतात म्हणाले असते तरी नेलंच असतं रे त्याला. घरी बसवून थोडाच ठेवला असता? पण इतक्या लवकर परत नसते आले. त्या गावातच खोली घेऊन राहिले असते शंभर दिवस. आणि इतक्या लोकांना घरात नसतं येऊ दिलं.’ मग थोड्या वेळाने म्हणाली, ‘तळहात बघितले असते रोज.’

ती वही सध्या तिच्याकडे नाही. रामबागेतल्या एका ओळखीच्यांच्या मुलीला पुढच्या महिन्यात ट्रान्सप्लांटला न्यायचंय, रकाने कसे पाडायचे ते बघायला त्यांनी मागून नेली. देताना मामेबहिणीने शेवटच्या पानावर तीन ओळी लिहून दिल्या, डॉक्टरांना विचारायला. आमच्या मुलीच्या आजाराचे, आमच्यासारखा दाता असलेले, तुम्ही आतापर्यंत किती केले? त्यातले शंभराव्या दिवशी किती होते? वर्षाने किती?

त्या बाईंनी परवा विचारलं. डॉक्टर थोडा वेळ वहीकडे बघत राहिले, म्हणे, आणि मग म्हणाले की काढून ठेवतो, पुढच्या वेळी सांगतो. पुढची वेळ येत्या मंगळवारी आहे.